उजेडावर, आंबटावर, साखरेवर: सूक्ष्मशैवालांच्या प्रकल्पाच्या नोंदी

२ सप्टेंबर २०२४

मॅडमनी विषयाला होकार दिला. पहिल्या पानावर प्रश्न लिहून ठेवते: उजेड, ॲसिटेट (ॲसिटिक आम्लाचं पाण्यातलं रूप) आणि ग्लुकोज, यांपैकी जे हाती लागेल त्यावर जगताना हिरवं सूक्ष्मशैवाल पेशीच्या आतला कारभार कसा बदलतं?

हा प्रश्न मला घरी सुचला. आमच्या गोबरगॅसच्या टाकीतून स्लरी ज्या चरातून वाहते, तिथे भर मे महिन्यातही हिरवी साय धरते. चार पावलांवर गुरांच्या पाण्याचा हौद आहे. ऊन तेच, पण हौद इतका हिरवा कधी होत नाही. आबा म्हणतात, खत आहे ना त्यात. खत तर आहेच, नत्र आहे, स्फुरद आहे. पण टाकीत गॅस होण्याआधी जिवाणू शेणाची आधी आम्लं करतात, त्यांत ॲसिटिक आम्ल महत्त्वाचं, आणि मिथेनचा मोठा भाग त्यातूनच होतो. त्यातलं थोडंफार स्लरीबरोबर बाहेर येत असणार. मग चरातलं शैवाल नुसत्या उन्हावर वाढतं, की ते आंबटही घेतं?

चरातल्या गाळापासून सुरुवात करता येणार नाही, त्यात शंभर जीव. आधी दोन ओळखीची शैवालं. एक क्लॅमिडोमोनास राइनहार्टी: साधारण १० मायक्रॉनची पेशी, पोहायला शेपटीसारख्या दोन कशाभिका, पेल्यासारखं एकच हरितलवक. १९४५ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ॲमहर्स्टजवळ बटाट्याच्या शेतातल्या मातीतून ते वेगळं केलं गेलं, आणि जगभरच्या प्रयोगशाळांमधले बहुतेक वाण त्याच मातीचे वंशज आहेत. शेतातून आलेला जीव आहे, हे मला फार आवडलं. दुसरं क्लोरेला: गोल, न पोहणारं, जाड भिंतीचं. डच शास्त्रज्ञ बायरिंकनं ते १८९० मध्ये वेगळं केलं. कार्बन डायऑक्साइडपासून साखर कशी होते हे कॅल्व्हिन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शोधलं ते क्लोरेला आणि सिनेडेस्मस नावाचं आणखी एक हिरवं शैवाल वापरूनच. त्याबद्दल कॅल्व्हिनला १९६१ चं नोबेल मिळालं.

५ सप्टेंबर

मीडियम, म्हणजे वाढीचं द्रावण, केलं. क्लॅमिडोमोनाससाठी टॅप, म्हणजे ट्रिस, ॲसिटेट, फॉस्फेट. एक लिटरला साधारण एक मिली ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड, त्यानेच पीएच ७ वर येतो. बिनॲसिटेटच्या मीडियमला पीएच हायड्रोक्लोरिक आम्लानं आणला. बाकी सगळं तेच, म्हणजे फरक पडला तर तो ॲसिटेटचाच.

हुटनरचं सूक्ष्मद्रव्यांचं द्रावण कपाटात होतं. ताजं असताना हिरवं असतं आणि दोनेक आठवड्यांत जांभळं होतं. आमचं जांभळं होतं, म्हणजे वापरण्याजोगं.

ग्लुकोजचं द्रावण वेगळं ऑटोक्लेव्ह केलं, म्हणजे दाबाच्या वाफेत निर्जंतुक केलं. फॉस्फेट आणि अमोनियम क्षारांबरोबर एकत्र तापवलं तर ते पिवळटतपकिरी होतं.

१४ सप्टेंबर

गौरी-गणपतीला घरी गेले होते, काल रात्री आले. जाताना शेकरवरचा फ्लास्क काढून खिडकीजवळच्या ओट्यावर ठेवला होता. सकाळी प्रयोगशाळेतल्या मामांनी दारातच सांगितलं, "ताई, तुमचं हिरवं पाणी उजेडाच्या अंगाला गोळा झालंय बघा."

पाहिलं तर खरंच. खिडकीकडच्या काचेला बोटभर रुंद गडद हिरवा पट्टा, मागची बाजू जवळजवळ नितळ. फ्लास्क अर्धा फिरवला आणि घड्याळ लावून बसले. पाचव्या मिनिटाला पट्ट्याची कड विस्कटली, हिरवे धूसर लोट मधल्या पाण्यातून निघाले, आणि वीस मिनिटांत नवा पट्टा खिडकीच्या बाजूला तयार. प्रत्येक पेशीत एक नारिंगी नेत्रबिंदू असतो. पेशी पोहताना स्वतःभोवती फिरते आणि उजेड कुठून येतो ते त्या बिंदूच्या सावलीवरून तिला कळतं. उजेड हे अन्न असेल तर त्याच्याकडे चालत जाणं ही चयापचयाचीच पहिली पायरी म्हणायला हवी. हे मोजमापात येणार नाही, पण इथे नोंदवते.

१८ सप्टेंबर

पहिली फेरी लावली. क्लॅमिडोमोनासचे सहा प्रकार: उजेडात काहीही न घालता, उजेडात ॲसिटेट, उजेडात ग्लुकोज, आणि हेच तिन्ही अंधारात. अंधाराचे फ्लास्क ॲल्युमिनियम फॉइलमध्ये दोनदा गुंडाळले, तोंडच्या कापसाच्या बोळ्यासकट. सुरुवात मिलीला १ लाख पेशींनी. तापमान २५, शेकर सगळ्यांना सारखा, कार्बन डायऑक्साइड फक्त हवेतला, ०.०४ टक्क्यांच्या आसपास.

मोजण्याआधी प्रत्येक नमुन्यात लुगॉल आयोडीनचा थेंब. नाहीतर पेशी हिमोसायटोमीटरच्या (पेशी मोजायच्या आखीव काचेच्या) चौकटीतून पोहत शेजारच्या घरात जातात आणि एकच पेशी दोनदा मोजली जाते. आयोडीननं त्या जागीच थांबतात, आणि आतला स्टार्चही रंगतो.

२१ सप्टेंबर

उजेड अधिक ॲसिटेटचा फ्लास्क सगळ्यांच्या पुढे. पीएच ७.० वरून ७.६. ॲसिटेट आत घेताना बाहेरचा आम्लपणा कमी होतो, म्हणून पीएच चढतो. म्हणजे पेशी ॲसिटेट घेताहेत हे नुसत्या पीएच मीटरवरही कळतं.

२३ सप्टेंबर

ॲसिटेटचे आणि ग्लुकोजचे चारही फ्लास्क वाया गेले.

अंधारातला ॲसिटेटचा आधी दिसला. हिरव्यावर दुधी झाक, हलवल्यावर रेशमी भोवरे. स्लाइडवर घेतलं तर क्लॅमिडोमोनासच्या एकेका पेशीभोवती काड्यांसारखे जिवाणू वळवळताना दिसले. बाकी तिन्हींमध्येही तेच, उजेडातल्यांत जरा कमी. चूक माझी आहे. ऑटोक्लेव्ह पूर्ण थंड व्हायची वाट न पाहता फ्लास्क काढले, कापसाचे बोळे ओले राहिले, आणि ओल्या बोळ्यातून जिवाणू सहज आत उतरतात. पाच दिवस गेले.

२४ सप्टेंबर

काल रात्री झोप लागली नाही तेव्हा एक लक्षात आलं. बोळे सगळ्याच फ्लास्कचे ओले होते, पण काहीच न घातलेल्या फ्लास्कमध्ये जिवाणू शोधावे लागतात. बी सगळीकडे पडलं, उगवलं फक्त जिथे खायला होतं तिथे. उजेडावर जगण्याचा हा फायदा मी विचारातच घेतला नव्हता: ज्या पाण्यात खायला काही नाही तिथे जिवाणू आणि बुरशा माजत नाहीत, आणि शैवालाला मोकळं रान मिळतं. ॲसिटेटवर किंवा साखरेवर वाढ जलद होते, पण त्या पंगतीला जिवाणूही बसतात आणि त्यांचा वेग शैवालाच्या कितीतरी पट. उघड्या तळ्यांत शैवाल वाढवणारे साखर का टाकत नाहीत आणि साखरेवर वाढवायचं तर बंद, निर्जंतुक टाक्या का लागतात, ते आता हाताला कळलं.

आणि मग आमच्या चराचं काय? तिथे तर जिवाणूंचीच वस्ती. तिथलं शैवाल आंबट घेत असेल तर ते जिवाणूंशी भांडून घेत असणार. हा धागा सोडायचा नाही.

२८ सप्टेंबर

कल्चर शुद्ध करायला खिडकीचीच मदत घेतली. लांब नळीत कल्चर भरून एक टोक उजेडाकडे, बाकी काळ्या कागदात. पोहत उजेडापर्यंत आलेल्या पेशी तिथून उचलल्या, ताज्या मीडियममध्ये सोडल्या, पुन्हा तेच. तीनदा केल्यावर आगर प्लेटवर स्ट्रीक केलं, म्हणजे रेघा ओढून पसरलं. आज एकट्या, स्वच्छ हिरव्या कॉलनी मिळाल्या. भोवती दुधी काही नाही.

१ ऑक्टोबर

दुसरी फेरी. बोळे कोरडे, हाताने तपासून.

४ ऑक्टोबर

७२ तास झाले. मिलीला पेशी, प्रत्येकी तीन फ्लास्कची सरासरी:

उजेड, काही नाही: १२ लाख
उजेड, ॲसिटेट: ६८ लाख
उजेड, ग्लुकोज: ११ लाख
अंधार, ॲसिटेट: ८ लाख
अंधार, ग्लुकोज: दीड लाख
अंधार, काही नाही: दीड लाख

आकडे लिहिताना हात थरथरत होता. सगळ्यात आधी ग्लुकोजच्या दोन ओळी पाहिल्या. साखर घातली काय, न घातली काय, फरक शून्य. अंधारात दीड लाख झाले ते साठवलेल्या स्टार्चवर एखाददुसरं विभाजन झालं म्हणून, आणि साखर नसलेल्या फ्लास्कमध्येही तेवढेच झाले.

हे पुस्तकात वाचलं होतं. तरी समोर पाहताना विचित्र वाटतं, कारण हीच पेशी आतल्या आत स्वतःचा स्टार्च फोडून त्यातली साखर रोज रात्री वापरते. साखर फोडायची सगळी भांडीकुंडी घरात आहेत, चूल पेटती आहे. फक्त बाहेरची साखर आत आणणारं वाहक प्रथिन पेशीपटलावर नाही. ॲसिटेट आत येतं, ग्लुकोज उंबऱ्यावरच राहतं.

दुसरी गोष्ट मॅडमनी दाखवली. मी लिहिलं होतं, "१२ आणि ८ मिळून २०, पण एकत्र दिल्यावर ६८, म्हणजे उजेड आणि ॲसिटेट एकमेकांना खूप जोर देतात." मॅडम म्हणाल्या, "पेशी बेरजेनं वाढतात का गं? किती वेळा दुप्पट झाल्या ते मोज." मोजलं. नुसत्या उजेडात १ चे १२, म्हणजे सुमारे ३.६ वेळा दुप्पट. अंधारात ॲसिटेटवर १ चे ८, बरोबर ३ वेळा. दोन्हींची बेरीज ६.६. प्रत्यक्ष ६८ लाख म्हणजे ६.१ वेळा. म्हणजे चमत्कार काही नाही. दोन चुली एकाच वेळी पेटल्या आहेत आणि मिळून बेरजेपेक्षा किंचित कमीच शिजतंय.

ते किंचित कमी का, यावर तासभर बोललो. ॲसिटेट मिळालं की क्लॅमिडोमोनास कार्बन डायऑक्साइड ओढून घेण्याची यंत्रणा सैल करतं. हवेत हा वायू इतका थोडा असतो की नुसत्या उजेडावर जगताना पेशीला तो साठवून रुबिस्को या तो वायू पकडणाऱ्या विकराभोवती दाट करावा लागतो. त्यासाठी वाहकं लागतात, कार्बॉनिक ॲनहायड्रेज हे विकर लागतं, आणि रुबिस्को ज्यात ठासून भरलेलं असतं तो पायरेनॉइड लागतो. हा सगळा खर्च आहे. दारात तयार कार्बन असताना पेशी तो खर्च आवरते. शिवाय ॲसिटेट श्वसनात जाळून जो कार्बन डायऑक्साइड निघतो तो तिथेच प्रकाशसंश्लेषणात परत घेतला जातो. त्यामुळे दोन चुली खरोखर वेगळ्या नाहीत, एकीचा धूर दुसरीचं सरपण आहे.

स्लाइडवर याची खूणही सापडली. आयोडीन लावलेल्या, नुसत्या उजेडातल्या पेशींत पायरेनॉइडभोवती स्टार्चचं ठसठशीत गडद कडं दिसलं, बांगडीसारखं बंद. ॲसिटेटच्या पेशींत तेच कडं पातळ, आणि स्टार्चचे डाग हरितलवकात इकडेतिकडे विखुरलेले. दहा-दहा पेशींचं चित्र काढून ठेवलं आहे.

५ ऑक्टोबर

रात्री पावणेदहाला वीज गेली. सकाळी सातला धावत आले तर तेव्हाही नव्हती. शेकर बंद, उजेड बंद. फ्लास्कच्या तळाला हिरवा थर बसलेला.

आता वाईट वाटून घेण्यापेक्षा मोजावं म्हणून विरघळलेल्या ऑक्सिजनचा बॅटरीवर चालणारा मीटर आणला. उजेड अधिक ॲसिटेटच्या दाट फ्लास्कमध्ये लिटरला ०.३ मिलिग्रॅम, म्हणजे जवळजवळ काही नाही. बिनॲसिटेटच्या फ्लास्कमध्ये ४.६. ॲसिटेटवरच्या पेशी संख्येनं जास्त, शिवाय श्वास जोरात. त्यांनी रात्रीत पाण्यातला ऑक्सिजन संपवला होता.

म्हणजे वीज गेल्यानं मला आणखी एक प्रकार मिळाला: उजेड नाही, ऑक्सिजनही नाही. अशा वेळी क्लॅमिडोमोनास किण्वनावर, म्हणजे ऑक्सिजनशिवाय ऊर्जा काढण्यावर येतं. साठवलेला स्टार्च फोडतं आणि फॉर्मेट, ॲसिटेट, इथेनॉल बाहेर टाकतं, थोडा हायड्रोजनही. शैवालांमधला हायड्रोजन हान्स गॅफ्रन यांनी दाखवला, १९४२ चा त्यांचा आणि रूबिन यांचा अभ्यास सिनेडेस्मसवर होता. हायड्रोजन करणारं हायड्रोजनेज विकर ऑक्सिजन लागताच निकामी होतं, म्हणून ते फक्त अशाच कोंडीत कामाला येतं. २००० साली बर्कलीत मेलिस आणि सहकाऱ्यांनी ही कोंडी मुद्दाम घडवली. ॲसिटेट असलेल्या मीडियममधून गंधक काढून घेतलं, त्यामुळे प्रकाशसंश्लेषण मंदावलं आणि जेवढा ऑक्सिजन निघेल तेवढा श्वसनानं खाऊन टाकला. बंद बाटली उजेडात ठेवूनही आतला ऑक्सिजन संपला आणि कितीतरी दिवस हायड्रोजन निघत राहिला.

बटाट्याच्या शेतातला जीव आहे हे इथे आठवतं. पावसानंतर मातीत पाणी तुंबलं की रात्री त्या मातीत ऑक्सिजन कुठला? माझ्या फ्लास्कची कालची रात्र या पेशींच्या पूर्वजांनी अगणित वेळा काढली आहे.

वीज साडेआठला आली. शेकर सुरू केला. अर्ध्या तासात पेशी पुन्हा पोहत होत्या.

९ ऑक्टोबर

ॲसिटेटचं पुढे काय होतं ते सेमिनारसाठी लिहून काढलं. इथे थोडक्यात.

ॲसिटेटमध्ये दोनच कार्बन. आत आल्यावर एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) खर्चून त्याचं ॲसिटिल-कोए होतं. ते क्रेब्ज चक्रात, म्हणजे श्वसनातल्या अन्न जाळणाऱ्या चक्रात गेलं की वाटेत दोन ठिकाणी कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे जेवढे कार्बन आत गेले तेवढे बाहेर. ऊर्जा मिळाली, पण शरीर बांधायला हाती काही उरलं नाही. अंधारात नुसत्या ॲसिटेटवर आठपट झालेल्या पेशींनी भिंती, प्रथिनं, डीएनए आणले कुठून?

तर ग्लायऑक्झिलेट चक्रातून. ही त्याच रस्त्यातली आडवाट आहे, जिथे कार्बन गळतो ते दोन्ही थांबे ती टाळते. सहा कार्बनचं आयसोसिट्रेट आयसोसिट्रेट लायेज विकर तोडतं: चार कार्बनचं सक्सिनेट आणि दोन कार्बनचं ग्लायऑक्झिलेट. त्या ग्लायऑक्झिलेटला आणखी एक ॲसिटिल जोडून मॅलेट सिंथेज चार कार्बनचं मॅलेट करतं. एका फेऱ्यात दोन ॲसिटेट घातले आणि चार कार्बनचा एक रेणू निव्वळ नफ्यात. त्यातून पुढे साखर, अमिनो आम्लं, हवं ते. हे विकर नसलेलं क्लॅमिडोमोनास अंधारात ॲसिटेटवर वाढूच शकत नाही.

हे चक्र कॉर्नबर्ग आणि क्रेब्ज यांनी १९५७ मध्ये जिवाणूंवरच्या कामातून मांडलं आणि त्याच वर्षी एरंडाच्या बियांतही ते सापडलं. रुजणाऱ्या एरंडात किंवा भुईमुगात तेलाची साखर होते ती याच वाटेनं. कोंब अजून मातीखाली आहे, उजेड नाही, आणि दाण्यातल्या तेलाच्या पुंजीवर तो वर येतो.

सेमिनारात एकानं विचारलं, शैवालाला उजेड मिळतो तर ॲसिटेटची एवढी चर्चा कशाला? याचं उत्तर मला मनापासून द्यावंसं वाटलं. प्रकाशसंश्लेषण मोडलेलं साधं झाड मरतं, त्यामुळे कुठला सुटा भाग मोडला याचा अभ्यास करता येत नाही. क्लॅमिडोमोनासचं प्रकाशसंश्लेषण मोडलं तरी ॲसिटेटवर ते जिवंत राहतं. हार्वर्डमध्ये लेव्हिन यांनी असे ॲसिटेटवाचून न जगणारे वाण निवडले, आणि १९६५ मध्ये गॉर्मन आणि लेव्हिन यांनी त्यांच्याच आधारे सायटोक्रोम एफ आणि प्लास्टोसायनिन या दोन प्रथिनांचा प्रकाशसंश्लेषणातल्या इलेक्ट्रॉन पुढे देणाऱ्या साखळीतला क्रम लावला. मी वापरते ते टॅप मीडियमही त्याच कामातलं. ही ॲसिटेटची सोय नसती तर प्रकाशसंश्लेषणाचं कितीतरी ज्ञान आपल्याला फार उशिरा मिळालं असतं.

१३ ऑक्टोबर

काल दसरा. आईनं घटातलं धान सगळ्यांना दिलं, माझ्याही कानामागे खोवलं. नऊ दिवस देवघराच्या कोपऱ्यात, नंदादीपाच्या मिणमिणत्या उजेडात वाढलेलं. गव्हाचे लांब, मऊ, पिवळेधमक कोंब.

बसमध्ये ते हातात घेऊन पाहत होते आणि एकदम प्रयोगशाळेतला फॉइलचा फ्लास्क आठवला. तोही १ तारखेपासून अंधारात आहे, घटापेक्षा दोन दिवस आधीपासून. आल्याआल्या उघडला. गडद हिरवा.

फुलझाडांना (गहूही त्यातलाच) हरितद्रव्य बनवताना शेवटाकडची एक पायरी ओलांडायला उजेडच लागतो, तिथलं विकर उजेड पडल्याशिवाय चालत नाही. म्हणून घटाचं धान पिवळं. क्लॅमिडोमोनासकडे त्याच पायरीसाठी दुसरं विकर आहे, उजेडाशिवाय चालणारं, आणि त्याची तीन जनुकं हरितलवकाच्या स्वतःच्या डीएनएत आहेत. बऱ्याच सूचिपर्णी झाडांतही ते टिकून आहे. फुलझाडांनी ते गमावलं. रूथ सेगर यांनी १९५० च्या दशकात क्लॅमिडोमोनासचा एक वाण अभ्यासला होता जो अंधारात पिवळा पडतो आणि उजेडात हिरवा होतो, अगदी घटासारखा. तो वाण एकदा पाहायला मिळावा अशी फार इच्छा आहे.

ॲसिटेटवर अंधारात जगताना हरितद्रव्य बनवत राहणं हा खर्च पेशी का करते, हे मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "मातीत राहणाऱ्याला नांगराचा फाळ कधी वर आणेल ते ठाऊक नसतं."

धानाचा एक कोंब वहीत चिकटवला आहे, फ्लास्कच्या फोटोशेजारी.

१६ ऑक्टोबर

क्लोरेलाची फेरी लावली. बोल्डचं बेसल मीडियम, ग्लुकोज लिटरला ५ ग्रॅम. सुरुवात मिलीला १० लाखांनी.

२० ऑक्टोबर

चार दिवस. नुसता उजेड: ९० लाख. अंधार, ग्लुकोज: १ कोटी ६० लाख. उजेड, ग्लुकोज: ५ कोटी २० लाख. जी साखर क्लॅमिडोमोनासच्या दाराबाहेर पडून राहिली, तीच खाऊन क्लोरेला अंधारात, नुसत्या उजेडावरच्यापेक्षा जास्त वेगानं वाढतंय.

अंधारातला ग्लुकोज फ्लास्क दिसायला मात्र वेगळा: पिकत आलेल्या लिंबाचा रंग. हरितद्रव्य काढायला गेले तर ८० टक्के ॲसिटोनमध्ये पेशींचा गोळा हिरवाच राहिला, रंग सुटेचना. क्लोरेलाची भिंत तेवढी चिवट. कोमट मिथेनॉलमध्ये सुटला, म्हणून मोजमाप आणि सूत्र दोन्ही बदलावी लागली. दर पेशीमागे हरितद्रव्य उजेडातल्यापेक्षा निम्म्याहून कमी. आयोडीन लावल्यावर पेशी फुगीर आणि जांभळटकाळ्या, स्टार्चनं ठासलेल्या.

काही हिरवी शैवालं याहून पुढे जातात. क्रोमोक्लोरिस झोफिंजिएन्सिसला ग्लुकोज दिलं तर भर उजेडातही ते प्रकाशसंश्लेषण बंद करतं, हरितलवकातली पटलं मोडतं, तेल आणि ॲस्टाझॅन्थिन हे लाल रंगद्रव्य साठवतं. साखर काढून घेतली की सगळं पुन्हा उभारतं. साखरेला पहिला हात लावणारं हेक्सोकायनेज विकर मोडलं तर ही बंदी होत नाही. म्हणजे साखर नुसतं अन्न नाही, ती निरोपही आहे.

२४ ऑक्टोबर

आजचा प्रयोग या सगळ्या प्रकल्पातला मला सर्वात प्रिय.

क्लोरेलाच्या दोन वाढी घेतल्या: एक उजेडावर वाढलेली, जिनं साखर कधी पाहिली नाही, आणि एक ग्लुकोजवर वाढलेली. सेंट्रिफ्यूज करून, धुऊन, दोन्ही सारख्याच दाट केल्या. दोन्हींना एकदम मिलीला १ मिलिग्रॅम ग्लुकोज दिलं आणि दर तासाला बाहेर किती उरलं ते डीएनएसए या साखर मोजायच्या पद्धतीनं पाहिलं. उकळत्या पाण्यात नळ्या ठेवल्या की साखर असेल तितका नारिंगीतपकिरी रंग चढतो.

साखरेला सरावलेल्या पेशी: दोन तासांनी ०.७, चार तासांनी ०.४. नव्या पेशी: पहिल्या तासाला १.०, म्हणजे स्पर्शही नाही. दुसऱ्या तासाला ०.९५. चौथ्याला ०.७५.

स्टँडमध्ये नळ्या ओळीनं लावल्या तेव्हा मामाही पाहायला आले. वरची ओळ भराभर फिकी होत जाते. खालच्या ओळीत पहिल्या दोन नळ्या अगदी सारख्या, मग रंग उतरायला लागतो. त्या पहिल्या तासात नव्या पेशी वाहक प्रथिन बनवत होत्या. साखर आधी दारात यावी लागते, मग दार बांधलं जातं. क्लोरेलातलं हे वाहक जर्मनीत रेगेन्सबर्गला टॅनर यांच्या प्रयोगशाळेनं वर्षानुवर्षं अभ्यासलं. ते ग्लुकोजच्या प्रत्येक रेणूबरोबर एक प्रोटॉन आत घेतं, आणि त्याच्या जनुकाचं नाव हप-१.

ते जनुक १९९६ मध्ये व्हॉल्व्हॉक्स या हिरव्या शैवालात घातलं गेलं, २००७ मध्ये क्लॅमिडोमोनासमध्येही, आणि दोघांनाही बाहेरचं ग्लुकोज घेता येऊ लागलं. २००१ मध्ये तर एका डायॲटममध्ये (काचेसारख्या कवचाच्या शैवालात) माणसाच्या तांबड्या पेशींतलं ग्लुकोजवाहक जनुक घातलं आणि केवळ उजेडावर जगणारा तो जीव अंधारात साखरेवर वाढला. हे वाचलं तेव्हा ४ तारखेच्या त्या दोन ओळी पुन्हा काढून पाहिल्या. ११ लाख, दीड लाख. आत सगळी तयारी, अडलं होतं ते एका प्रथिनावर.

२९ ऑक्टोबर

उलटा प्रयोग, घाईत. उजेडावर वाढलेलं क्लॅमिडोमोनास सरळ अंधारात ॲसिटेटवर टाकलं. पहिले बारा तास संख्या जागच्या जागी, मग वाढ सुरू. आधीपासून ॲसिटेटवर असलेलं लगेच वाढलं. एकेकच फ्लास्क होता, तीन-तीन घेऊन पुन्हा करायला हवं.

उद्या घरी. निर्जंतुक केलेल्या चार बाटल्या बॅगेत घेतल्या आहेत.

६ नोव्हेंबर

चरातून दोन बाटल्या स्लरीचं हिरवं पाणी आणलं आणि हौदातून दोन. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नमुने घेतले. आबा बाटली धरून उभे होते आणि कुठली साय जुनी, कुठली परवाची ते दाखवत होते.

चराच्या थेंबात जिवाणूंची गर्दी, अपेक्षेप्रमाणे. त्यातच गोल, न हलणाऱ्या हिरव्या पेशी पुष्कळ, आणि दोन कशाभिकांच्या पोहणाऱ्याही थोड्या. नावं आत्ता लावत नाही. हौदाच्या थेंबात हिरव्या पेशी मोजक्या.

चराच्या पाण्याचा थोडा भाग लांब नळीत भरून खिडकीशी ठेवला. दुपारी चारला उजेडाच्या टोकाला फिकट हिरवी टिकली जमली होती. ती उचलून तीन प्लेटवर स्ट्रीक केली: एकीत काही नाही, एकीत ॲसिटेट, एकीत ग्लुकोज. तिन्हींची जोडी फॉइलमध्ये गुंडाळून अंधारात.